उंच पर्वतावरील यात्रा आणि शौचधर्म



यात्रेला निघण्यापूर्वी आपण अनेक गोष्टींची विचारपूस करतो. गाडी किती वाजता सुटेल, मुक्काम कोठे पडेल, घोडा किंवा डोली मिळेल काय, दर्शनास किती वेळ लागेल, हे सारे प्रश्न कार्यालयात मोकळेपणाने विचारले जातात. एक प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर टेबलापाशी दुसरे कोणी नाही असे पाहून, आवाज उतरवून विचारतात. वाटेत प्रातर्विधीची सोय काय? या पाठात त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. केदारनाथ, अमरनाथ किंवा कैलास-मानसरोवर यांसारख्या उंचावरील यात्रांस जाणाऱ्यांनी, तसेच अशा यात्रांसाठी देणगी देणाऱ्यांनी, तो निःसंकोचपणे वाचावा व घरातील सर्वांस वाचून दाखवावा.

एक हकिकत

काही वर्षांपूर्वी केदारनाथची यात्रा करून परतलेल्या एका गटातील भगिनी कार्यालयात आल्या होत्या. वय साठीच्या आसपास, प्रकृती ठणठणीत, रोज सकाळी फिरावयास जाण्याचा नेम. तरीही चढणीच्या अर्ध्यावर त्यांना भोवळ आली. डोके फुटल्यासारखे दुखू लागले, ओकारी झाली आणि सहयात्रेकरूंनी त्यांना खाली आणले. दर्शन राहून गेले. वैद्यकीय केंद्रात चौकशी झाली तेव्हा कळले, की पहाटे तीनला अर्धा पेला चहा घेतल्यानंतर त्यांनी दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. पाण्याची बाटली भरलेली, पिशवीतच होती.

मी त्यांना कारण विचारले. त्या म्हणाल्या, "ताई, पाणी प्यायले असते तर जायचे कुठे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. यात्रेकरूंना दिली जाणारी सामानाची यादी माझ्याच हातची होती. तीत विजेरी होती, कानटोपी होती, कापूर होता, सुकामेवा होता. शौचाविषयी मात्र एक अक्षर नव्हते. संकोचामुळे आम्ही जे लिहिले नाही, त्याची किंमत त्या भगिनींनी मोजली. त्या दिवशी हा पाठ लिहावयाचे ठरले.

शब्दाचा मूळ अर्थ

'शौच' हा शब्द आज आपण मलविसर्जनापुरता वापरतो. वास्तविक तो 'शुचि' या शब्दापासून आला असून त्याचा अर्थ शुद्धता असा आहे. पतंजलींच्या योगशास्त्रात पाच नियम सांगितले आहेत, त्यांतील पहिला नियम शौच हाच होय. संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान त्यानंतर येतात. आपल्या जुन्या आचारग्रंथांनीही हा विषय वर्ज्य मानला नाही. रस्ता, पाणी, गाईंचा गोठा, नांगरलेली जमीन, नदीचा काठ आणि पर्वताचा माथा या ठिकाणी मलमूत्रविसर्जन करू नये, असा स्पष्ट निषेध त्यांत आढळतो. पर्वताचा माथा त्या यादीत आहे, हे ध्यानात घ्यावे. आज आपण ज्या यात्रा करतो, त्यांतील कित्येक स्थाने नेमकी नदीच्या उगमाशी आणि पर्वताच्या माथ्याशीच आहेत.

उंचीवर काय निराळे घडते?

आपल्याकडे खेडोपाडी परसाकडे जाण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या होती. टमरेल घेऊन रानात जावे आणि बाकीचे काम मातीने करावे. कोकणच्या किंवा देशावरच्या उबदार मातीत असंख्य सूक्ष्म जीव असतात. ऊब, ओलावा व हवा मिळाली की ते मळाचे खत करतात. म्हणूनच आपल्या भाषेत त्या खताला 'सोनखत' असे नाव पडले. रोगजंतूंचा धोका तेथेही होताच आणि त्यासाठीच शौचालये आवश्यक ठरली. पण निदान मळाची माती होत असे.

हिमालयात ही माती आपली सोबत सोडते. केदारनाथ सुमारे ३,५८३ मीटर उंचीवर आहे, अमरनाथची गुहा सुमारे ३,८८८ मीटरवर, आणि कैलासाच्या परिक्रमेतील डोल्मा खिंड सुमारे ५,६३० मीटरवर. तुलनेसाठी सांगावयाचे तर महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. हिमालयातील या उंचीवर थंडीमुळे सूक्ष्म जीवांचे काम जवळजवळ थांबते. माती कोठे चार बोटे, तर कोठे मुळीच नाही. नुसता खडक आणि बर्फ. तेथे टाकलेला मळ कुजत नाही, तो गोठतो. केदारनाथचे दार भाऊबीजेला बंद होते व पुढे वसंतात उघडते. त्या अवधीत बर्फाखाली दडलेले सारे काही बर्फ वितळताच जसेच्या तसे वर येते. थंड पाण्यात रोगजंतू अधिक काळ जिवंत राहतात, ही आणखी एक अडचण.

आणि पाणी तर खालीच वाहणार. केदारनाथच्या वरील हिमनदीतून निघणारी मंदाकिनी रुद्रप्रयागला अलकनंदेस मिळते आणि पुढे देवप्रयागला गंगा होते. आपण घरी तांब्यात जपून ठेवतो ते गंगाजल ज्या उतारावरून वाहत येते, त्याच उतारावर आपण एका घाईच्या क्षणी बसलेलो असतो. पर्वत काहीही नाहीसे करीत नाही. आपण जे खाली आणत नाही, ते पाणी खाली आणते. या पाठातील पुढील सर्व सूचना या एका वाक्यातून निघाल्या आहेत.

पाणी तोडू नये

साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश इतकाच असतो. श्वास जलद होतो, हवा कोरडी असते, त्यामुळे श्वासावाटे शरीरातील पाणी अधिक जाते. शिवाय उंचीवर लघवीचे प्रमाण वाढते. उंचीच्या त्रासासाठी काही डॉक्टर जी गोळी देतात, तिनेही ते वाढते. म्हणजे पाण्याची गरज वाढलेली असते नेमक्या त्याच वेळी, शौचालय दिसत नाही म्हणून आपण पाणी तोडतो. याचा परिणाम डोकेदुखी, ग्लानी, बद्धकोष्ठ व मूत्रमार्गाचा दाह यांत होतो. उंचीमुळे होणारा विकार आणि पाणी कमी पडल्याने येणारी ग्लानी यांची लक्षणे इतकी सारखी असतात, की दुखणे ओळखणेही कठीण जाते.

म्हणून थोडे थोडे पाणी दिवसभर घेत राहावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद झाल्यास लगेच पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. पाणी उकळूनच प्यावे. त्या उंचीवर पाणी ८८ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागते, तरीही तीन मिनिटे खळखळून उकळल्यास ते पिण्यास सुरक्षित होते. जुलाब झाल्यास जलसंजीवनी घ्यावी व गटप्रमुखास त्वरित सांगावे. डोकेदुखी वाढत जाणे, चालताना तोल जाणे, बसल्या जागीही धाप लागणे ही लक्षणे दिसताच वर न जाता खाली उतरावे. दर्शन पुढच्या वर्षीही घेता येते.

शौचाचे चार पर्याय

पहिला पर्याय बांधलेल्या शौचालयाचा. मोठ्या यात्रामार्गांवर ठिकठिकाणी कायम व तात्पुरती शौचालये असतात. ती जेथे असतील तेथे, घाई नसली तरी, वापरून घ्यावीत. पुढचे किती अंतरावर आहे व किती गर्दीचे आहे हे आपल्याला ठाऊक नसते. अमरनाथ यात्रेतील मृत्यूंची सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मार्ग व वैद्यकीय सेवा यांच्याबरोबर शौचालये व स्वच्छता यांचाही विचार झाला. शौचालय ही चैन नसून यात्रेकरूच्या सुरक्षिततेचा भाग आहे, हे त्यातून अधोरेखित झाले.

यांपैकी काही शौचालये 'जैव-शौचालये' असतात. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने सियाचीन, लडाख यांसारख्या अतिथंड प्रदेशांतील जवानांसाठी हे तंत्र विकसित केले. थंडीतही काम करू शकणारे जिवाणू टाकीत सोडलेले असतात व ते मळाचे पाणी आणि वायू यांत रूपांतर करतात. आपल्या रेल्वेगाड्यांत २०११ पासून बसविली गेलेली जैव-शौचालये याच घराण्यातील होत. त्यांत काय टाकू नये याची सूचना डब्यात आपण वाचलीच असेल. डोंगरावरही नियम तोच. प्लास्टिक, गुटख्याची पुडी, सॅनिटरी नॅपकिन, लहान मुलांचे डायपर किंवा फिनेल त्यांत टाकू नये. टाकल्यास टाकी तुंबते, जिवाणू मरतात आणि मागून येणाऱ्या शेकडो लोकांची सोय नष्ट होते.

दुसरा पर्याय तंबूतील खड्ड्याचा. गटाने मुक्काम करावयाचा असेल तेथे व्यवस्थापक एका उभ्या तंबूत खोल खड्डा खणून त्यावर फळ्या टाकतात. प्रत्येक वेळी ओंजळभर माती किंवा राख टाकावी, म्हणजे दुर्गंधी व माशा राहत नाहीत. निघताना खड्डा बुजवून वर मूळची हिरवळ बसवावी. हा पर्याय जेथे पुरेशी खोल माती आहे तेथेच योग्य आहे. हिमालयातील उंच कुरणांना 'बुग्याल' म्हणतात. ती अत्यंत नाजूक असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. ज्या मुक्कामास परवानगी नाही, तेथे खड्ड्याचाही प्रश्न उद्भवत नाही.

तिसरा पर्याय एकट्याने वाटेत बसण्याचा. जवळपास शौचालय नाही व थांबणे शक्य नाही, अशा वेळी झाडोऱ्याच्या पट्ट्यात, पाण्यापासून आणि पायवाटेपासून निदान साठ मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी पावले दूर जावे. सोबतच्या लहान खुरप्याने वीतभर खोल खड्डा करावा, नंतर मातीने बुजवून वर दगड ठेवावा. कागद वापरल्यास तो पुरू नये, पिशवीत घालून परत आणावा. ओले सुगंधी रुमाल दिसावयास कागदासारखे असले तरी त्यांत बहुधा प्लास्टिकचे तंतू असतात. ते तेथे कधीच कुजत नाहीत. दरडीच्या कडेला किंवा अंधारात एकट्याने जाऊ नये. सोबत्यास सांगून, त्याच्या हाकेच्या अंतरात राहावे.

चौथा पर्याय परत आणण्याचा. बर्फ, हिमनदी व नुसता खडक असलेल्या ठिकाणी हाच एकमेव योग्य पर्याय होय. यासाठी चूर्ण असलेल्या दुहेरी पिशव्या मिळतात. चूर्ण ओलावा शोषून मळाचा घट्ट गोळा करते व दुर्गंधी कोंडते. पिशवी बांधावी, दुसरीत घालावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. तशा पिशव्या न मिळाल्यास जाड, अपारदर्शक पिशवीत रद्दी कागद व मूठभर लाकडाचा भुसा घालून घरीही तयार करता येते. घरी तयार केलेल्या पिशवीतील मळ पायथ्याच्या खड्ड्याच्या शौचालयात टाकावा व रिकामी पिशवी बांधून कचऱ्यात द्यावी. चूर्णाची पिशवी मात्र शौचालयात न टाकता तशीच बंद करून कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात, काय आहे ते सांगून, द्यावी.

हे वाचून कोणास किळस वाटली तर ते स्वाभाविक आहे. परंतु जगातील सर्वांत उंच ठिकाणी आता हाच रिवाज होत चालला आहे. एव्हरेस्टच्या परिसरात कचरा व्यवस्थापनासाठी १९९१ पासून स्थानिक समिती काम करते. तळावरील मळ पिंपांत साठवून खाली नेला जातो. २०२४ मध्ये तेथील स्थानिक पालिकेने प्रत्येक गिर्यारोहकाने अशा पिशव्या घेऊनच वर जावे व भरून परत आणाव्यात असा नियम केला. अलास्कातील डेनाली शिखरावर याच कामासाठी झाकणाचे खास डबे या शतकाच्या आरंभापासून वापरात आहेत. गिर्यारोहक जे शिखरासाठी करतो, ते यात्रेकरूने देवस्थानासाठी करावे यात संकोच कसला?

भगिनींसाठी व ज्येष्ठांसाठी

भगिनींनी सोबत एक मोठी गडद ओढणी किंवा जुने लुगडे ठेवावे. दोघींनी धरल्यास चांगला आडोसा होतो. दोघी-तिघींनी मिळूनच जावे व एकमेकींस पाण्याची आठवण करावी. उंचीमुळे व दगदगीमुळे मासिक पाळी अवेळी येऊ शकते. म्हणून ज्यांची तारीख दूर आहे त्यांनीही साहित्य जवळ बाळगावे. वापरलेले नॅपकिन जाळू नयेत, दरीत टाकू नयेत, शौचालयात तर मुळीच टाकू नयेत. कागदात गुंडाळून, अपारदर्शक पिशवीत घालून परत आणावेत. नवी मुंबईत परतल्यावर असा कचरा ओल्या व सुक्या कचऱ्यात न मिसळता, वेगळा बांधून घंटागाडीस द्यावा.

ज्येष्ठांच्या गुडघ्यांना उकिडवे बसणे जमत नाही. घडीची शौच-खुर्ची गटात एक तरी असावी. रात्री कडाक्याच्या थंडीत तंबूबाहेर जाणे धोक्याचे असते. निसरड्यावर पाय घसरून पडण्याची भीती असते. पुरुषांनी रुंद तोंडाची, ठळक खूण केलेली बाटली अंथरुणाशी ठेवावी व सकाळी शौचालयात रिकामी करावी. प्रोस्टेटचा त्रास किंवा मधुमेह असणाऱ्यांनी ही गोष्ट गटप्रमुखास आधीच सांगावी. बद्धकोष्ठाची सवय असणाऱ्यांनी इसबगोल जवळ ठेवावा. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, पण ओढ्यात बसून नव्हे. भांड्यात पाणी घेऊन, ओढ्यापासून दूर धुवावेत. केवळ जंतुनाशक द्रव चोळल्याने सर्व प्रकारचे जंतू जात नाहीत.

इतर कचरा

मळाविषयी जे सांगितले तेच इतर कचऱ्याविषयी. पायथ्याशी स्वस्तात घेतलेला पातळ प्लास्टिकचा रेनकोट वर पोचेपर्यंत फाटतो व तेथेच टाकला जातो. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, औषधांची वेष्टने, विजेरीचे सेल यांचेही तसेच होते. मे २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात' या कार्यक्रमात केदारनाथ येथे यात्रेकरूंनी केलेल्या कचऱ्याचा उल्लेख केला होता. देशभर ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमात एका धामाचे नाव कचऱ्यासाठी घ्यावे लागावे, ही आपणा सर्वांस विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. म्हणून खाऊची वेष्टने घरीच काढून ठेवावीत व जिन्नस डब्यांत भरावेत. टिकाऊ रेनकोट घरून न्यावा. पूजेचे साहित्य प्लास्टिकच्या पिशवीत अर्पण करू नये. नेलेल्या वस्तू निघताना मोजाव्यात व परतताना पुन्हा मोजाव्यात.

आपल्या मातीतील दाखले

ही शिस्त परक्यांकडून शिकावयाची आहे असे कोणी समजू नये. शिवकाळातील गडांवर तटबंदीत शौचकूप बांधलेले आजही पाहावयास मिळतात. राजगडाच्या संजीवनी माचीवरील तटात ते आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या अठराव्या शतकातील आज्ञापत्रात गडाच्या स्वच्छतेविषयी आज्ञा आहे. गडावर केरकचरा पडू देऊ नये, तो गडाखालीही लोटू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी व तीवर भाजीपाला करावा, असा तिचा आशय आहे. कचरा खाली ढकलला म्हणजे तो संपत नाही, हे त्या काळी गडकऱ्यास सांगितले गेले होते. त्या काळच्या कचऱ्यात प्लास्टिक नव्हते, म्हणून जाळणे योग्य होते. आज मात्र जाळणे टाळावे.

संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गावे झाडली व मग त्याच गावात रात्री कीर्तन केले. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. आप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मळापासून सोनखत करण्याचे, सुटसुटीत शौचालयांचे प्रयोग केले. त्याआधी १९३२ मध्ये तुरुंगात सफाईचे काम आपणास मिळावे म्हणून त्यांनी अन्नत्याग आरंभला होता व येरवड्यास कैदेत असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यार्थ उपवास केला होता. एका सुशिक्षित गृहस्थाने हे काम हक्काने मागून घ्यावे, यातील अर्थ विसरू नये. आषाढी वारीत अलीकडे पालखीतळांवर मोठ्या संख्येने तात्पुरती शौचालये उभी केली जातात. पंढरीच्या वाटेने जे स्वीकारले, ते हिमालयाच्या वाटेवर आपणास जड जाऊ नये.

आणि सह्याद्रीही दूर नाही. हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईस जाणाऱ्यांनी हेच नियम पाळावेत. तेथेही खडकावर मातीचा थर पातळ असतो आणि पावसाचे पाणी सारे काही टाक्यांत व पायथ्याच्या गावांच्या विहिरींत नेऊन सोडते. हिमालयात जाण्यापूर्वीचा सराव येथेच करावा. एक दिवसाच्या चढाईत खुरपे, पिशवी व डबा जवळ ठेवून पाहावे, म्हणजे पुढे संकोच उरत नाही.

ते काम कोण करतो?

आपण जे टाकून येतो ते कोणीतरी उचलतो. कडाक्याच्या थंडीत, दिवसभर पाठीवर गोण्या वाहून सफाई कामगार यात्रामार्ग झाडतात. हाताने मैला उचलावयास लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तथापि उघड्यावर टाकलेला मळ शेवटी कोणाच्या तरी फावड्यावर येतोच. आपल्या पुण्याच्या वाटेवर दुसऱ्या कोणास ते काम करावे लागू नये, ही जबाबदारी ज्याची त्याने घ्यावयाची आहे. वाटेत असा कामगार भेटल्यास त्यास नमस्कार करावा, जवळचा गरम चहा द्यावा. आणि मुख्य म्हणजे त्याचे काम वाढवू नये.

देणगीदारांस विनंती

यात्रेसाठी अन्नदान, बाटलीबंद पाणी, कांबळी देणारे दाते पुष्कळ असतात व त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु बाटलीबंद पाण्याचे खोके दिले तर तितक्याच रिकाम्या बाटल्या वर राहतात, याचाही विचार व्हावा. त्याऐवजी पाणी उकळण्याची व गाळण्याची साधने, यात्रेकरूसाठी खुरपे, पिशव्या, डबा व साबण यांचा संच, आडोशाचे तंबू, सफाई कामगारांसाठी हातमोजे व गमबूट यांसाठी देणगी दिल्यास ती अधिक उपयोगी पडेल. शौचालय बांधून त्यावर नाव कोरणे सोपे असते. ते दररोज धुतले जावे, टाकी उपसली जावी यासाठी लागणारा खर्च कोणी देत नाही. देखभालीसाठी दिलेले दान हे गुप्तदानासारखे असते. त्यावर पाटी लागत नाही, पण ते रोज कामी येते.

निघण्यापूर्वी पडताळणी

प्रत्येकाने पुढील वस्तू घ्याव्यात: लहान खुरपे, दर दिवसाला एक याप्रमाणे दुहेरी पिशव्या, घट्ट झाकणाचा डबा, साधा कागद, साबणाची वडी, लहान मग, विजेरी, जलसंजीवनीच्या पुड्या, अपारदर्शक कचरा-पिशव्या, भगिनींसाठी आडोशाचे वस्त्र व आवश्यक साहित्य. गटप्रमुखाने निघण्याच्या आदल्या बैठकीत हा विषय स्वतःहून काढावा व प्रत्येक टप्प्यावर शौचालय कोठे आहे ते मोठ्याने, सर्वांदेखत सांगावे. एकाने उघड सांगितले की दहा जणांना विचारावे लागत नाही.

आरंभी ज्यांची हकिकत सांगितली, त्या भगिनी पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या. निघण्यापूर्वी कार्यालयात येऊन त्यांनी नवी यादी मागून घेतली, त्यातील एकेक वस्तूपुढे खूण केली आणि जाताना हसून म्हणाल्या, "ताई, या वेळी बाटली रिकामी करून आणीन." दर्शन घेऊन त्या सुखरूप परतल्या. त्यांच्या पिशवीत प्रसाद होता, आणि तळाशी व्यवस्थित बांधलेली, खूण केलेली एक पिशवीही होती. ती कचरागाडीवर देताना काय सांगावे, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. ते मी त्यांना सांगितले, या वेळी आवाज न उतरवता.